अनुदान संपते तेव्हा

एखाद्या कुटुंबाने आपल्या संपत्तीचा काही भाग कायमचा बाजूला काढून, त्यावर विश्वस्त नेमून, त्याच्या उत्पन्नातून लोकोपयोगी कामांना पैसा पुरवण्याची व्यवस्था केली की तिला कौटुंबिक न्यास म्हणतात. त्यातील मूळ रक्कम, म्हणजे कायम निधी, सहसा शाबूत ठेवली जाते आणि व्याज किंवा लाभांश तेवढा वाटला जातो. महाराष्ट्रात अशा न्यासाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांकडे होते, आणि प्राप्तिकरातून सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम सर्वसाधारणपणे त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्ची पडावी लागते.

अहिल्यानगरलगतच्या नागापूर एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत न्यासापेक्षा ‘सीएसआर’, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा शब्द अधिक परिचयाचा आहे. नफा वा उलाढाल ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावेत आणि त्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. कौटुंबिक न्यासाला मात्र बांधून ठेवतो तो मुख्यतः त्याच्या स्वतःच्या विश्वस्तपत्राचा मजकूर, आणि म्हणूनच वीस-वीस वर्षे एकाच कामाच्या पाठीशी उभे राहण्याची मोकळीक, निदान तत्त्वतः, त्याला असते.

या मोकळिकीचे मोल याच औद्योगिक वसाहतीत कळते, कारण वेश्याव्यवसायात अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी १९८९ पासून काम करणारी ‘स्नेहालय’ ही संस्था तेथे आहे. अशा कोणत्याही संस्थेत पाच वर्षांचे मूल आले तर ते सज्ञान होईपर्यंत तेरा वर्षे जातात, पण प्रकल्पाधारित अनुदान बहुधा एक ते तीन वर्षांचे असते. शेवटी जे उपयोगिता प्रमाणपत्र भरून द्यायचे, त्यात मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि शिल्लक असे रकाने असतात व खाली सनदी लेखापालाची सही असते. गाद्यांची किंवा संगणकांची पावती त्यास सहज जोडता येते, परंतु तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या मावशींचा पगार अनेकदा ‘प्रशासकीय खर्च’ या रकान्यात जाऊन पडतो, आणि त्या रकान्यावर टक्केवारीची मर्यादा असते. देणाऱ्याला भिंतीवर नाव कोरता येते, पगारावर येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

कौटुंबिक न्यासांचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच टाटा घराण्याचे. जमशेटजींनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापला, त्याच्या पहिल्या दोन मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. ही मदत दान नसून कर्जाऊ होती, म्हणजे परतफेडीचा पैसा पुढच्या विद्यार्थ्याला मिळावा अशी सोय होती. पुढे १९१९ मध्ये सर रतन टाटा यांच्या मृत्युपत्रातून एक न्यास उभा राहिला, आणि १९३२ मध्ये सर दोराबजींनी आपली जवळजवळ सारी मालमत्ता दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाईंचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरासुद्धा त्यातून सुटला नाही. मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या, आणि दोराबजींच्या न्यासाने परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. ते न्यासाने कायम आपल्याच हाती धरून ठेवले नाही. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले, त्यामुळे त्याच्या पगाराचा भार सरकारी अर्थसंकल्पाने उचलला आणि न्यासाचा पैसा इतर कामांना मोकळा झाला. देणगीच्या इतिहासात इतकी नीट आखलेली माघार क्वचितच सापडते.

त्याच न्यासाच्या पैशातून १९३६ मध्ये सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेची कथा वेगळी आहे. तिचा मुख्य भार विद्यापीठ अनुदान आयोग उचलू लागला तरी काही अभ्यासक्रमांवरील कंत्राटी शिक्षक व कर्मचाऱ्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावर चालत राहिले. जून २०२४ मध्ये त्या अनुदानाच्या मुदतवाढीचा निर्णय वेळेत न कळल्याने शंभराहून अधिक जणांना सेवासमाप्तीच्या नोटिसा गेल्या, आणि न्यासाने निधीची हमी दिल्यावर त्या काही दिवसांतच मागे घेतल्या गेल्या.