तेल परिष्करण कारखान्यांतील वायुगळतीचे अहवाल

खनिज तेलाचे परिष्करण (शुद्धीकरण) करणाऱ्या कारखान्यातील बंदिस्त यंत्रसामग्रीतून बाहेर निसटणारे वायू व बाष्पे शोधणे, त्यांचे मापन करणे, दुरुस्तीची नोंद ठेवणे आणि हे सर्व ठराविक मुदतीत शासकीय यंत्रणेला कळविणे ही जबाबदारी कायद्याने कारखानदारावर टाकलेली असते. या कर्तव्यासंबंधीचे नियम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्तृत स्वरूपात विकसित झाले व तेथील मापनपद्धतीचा आधार भारतीय मानकांतही घेतलेला आहे. या नियमांचे एक वैशिष्ट्य असे की, ज्याच्या कारखान्यातून गळती होते त्यानेच ती शोधून कळवावयाची असते. त्यामुळे अहवालाचे मोल त्यामागील मापन किती काटेकोर आहे यावर अवलंबून राहते.

गळतीची स्थाने व स्वरूप : धुराडी व ज्वालक यांतून जाणारे वायू निश्चित ठिकाणाहून बाहेर पडत असल्याने त्यांवर लक्ष ठेवणे तुलनेने सोपे असते. गळतीचे तसे नसते. ती कारखानाभर विखुरलेली असते व बहुधा डोळ्यांना दिसत नाही. झडपेच्या दंडाभोवतीचे पॅकिंग झिजणे, दोन नळांमधील फ्लँजच्या जोडातील गॅस्केट सैल होणे, पंपाच्या किंवा संपीडकाच्या फिरत्या दंडावरील सील खराब होणे, दाबमोचक झडप आपल्या बैठकीवर नीट न बसणे, नमुना घेण्याच्या नळीचे तोंड उघडे राहणे ही गळतीची नेहमीची कारणे होत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार एका सर्वसाधारण परिष्करण वा रासायनिक कारखान्यात सरासरीने सुमारे ७,४०० झडपा, १२,००० जोड व १०० पंप असतात आणि अशा कारखान्यातील यंत्रसामग्रीच्या गळतीतून दरसाल सुमारे ६०० ते ७०० टन बाष्पनशील कार्बनी संयुगे हवेत मिसळतात. यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग झडपा व जोड यांतून येतो. एकेका झडपेतून होणारी गळती क्षुल्लक वाटली, तरी तिची बेरीज मोठी होते ती या संख्येमुळे.

निसटणाऱ्या पदार्थांत हलकी हायड्रोकार्बने, बेंझीन, टोल्यूइन, झायलीन, हायड्रोजन सल्फाइड इत्यादींचा समावेश होतो. बेंझीन हे कर्करोगकारक असून दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइडाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले म्हणजे घ्राणेंद्रिय बधिर होते. म्हणून वास येईनासा झाला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. बाष्पनशील कार्बनी संयुगे व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यात सूर्यप्रकाशात विक्रिया होऊन जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो व तो श्वसनमार्गाला अपायकारक असतो.

मापन : अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमान्वये नव्या उद्योगांसाठी उत्सर्जनाची मानके ठरविण्यात आली. परिष्करण कारखान्यांतील यंत्रसामग्रीच्या गळतीसंबंधीचे मानक १९८४ मध्ये जारी झाले. यासाठी ‘पद्धत २१’ या नावाने ओळखली जाणारी मापनपद्धती वापरतात. हातात धरता येणाऱ्या विश्लेषक उपकरणाची शोषक नळी झडपेच्या किंवा जोडाच्या सांध्याशी धरून हळूहळू सभोवार फिरवितात व मिळालेले सर्वाधिक वाचन नोंदवितात. १९८४ च्या मानकानुसार झडप किंवा पंप यांपाशी दशलक्ष भागांत १०,००० भाग वा त्याहून अधिक वाचन आल्यास ती गळती मानली जाई. २००७ मध्ये नव्या यंत्रसामग्रीसाठी ही मर्यादा झडपांकरिता ५०० व पंपांकरिता २,००० भाग अशी कडक करण्यात आली.

या पद्धतीने सांध्यापाशी असलेल्या बाष्पाची संहती (तीव्रता) कळते. दर तासाला किती किलोग्रॅम वायू निसटला ते थेट कळत नाही. ते काढण्यासाठी सरासरी उत्सर्जन गुणक किंवा वाचन व उत्सर्जन यांतील सहसंबंधाची समीकरणे वापरतात. म्हणजे वार्षिक अहवालातील टनांचा आकडा हा मोजलेला नसून हिशोबाने काढलेला असतो. तपासनिसाने नळी घाईने फिरविली किंवा ती सांध्यापासून दूर धरली, तर वाचन कमी येते व पुढील सर्व हिशोबच खाली उतरतो. डिसेंबर २००८ पासून अवरक्त किरणांवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने गळती शोधण्याची पर्यायी पद्धतही मान्य करण्यात आली. तीत साध्या डोळ्यांना अदृश्य असलेला वायूचा झोत पडद्यावर धुरासारखा दिसतो. मात्र या पर्यायातही वर्षातून एकदा जुन्या पद्धतीने तपासणी करावी लागते.

दुरुस्ती व नियतकालिक अहवाल : मानकानुसार पंप व झडपा यांची तपासणी मुळात दरमहा करावी लागते. एखाद्या झडपेत लागोपाठ दोन महिने गळती आढळली नाही, तर तिची तपासणी तिमाहीवर नेता येते. पंपांच्या सीलमधून द्रव ठिबकतो काय हे दर आठवड्याला डोळ्यांनी पाहावे लागते. गळती आढळताच त्या ठिकाणी ओळखक्रमांक असलेली व पावसात न पुसली जाणारी चिठ्ठी बांधतात. दुरुस्तीचा पहिला प्रयत्न पाच दिवसांच्या आत करावा लागतो व दुरुस्ती १५ दिवसांत पूर्ण व्हावी लागते. संयंत्र बंद केल्याशिवाय दुरुस्ती शक्य नसेल, तर ती पुढील नियोजित बंदपर्यंत लांबणीवर टाकता येते. परंतु त्याचे कारण नोंदवावे लागते.

दर सहा महिन्यांनी सादर करावयाच्या अहवालात महिनावार किती झडपा, पंप व संपीडक गळके आढळले, त्यांपैकी कितींची दुरुस्ती मुदतीत झाली नाही व का झाली नाही, ही माहिती द्यावी लागते. अशा प्रकारे अहवालातून गळतीबरोबरच तिच्यावर केलेली कारवाईही पडताळून पाहता येते. लांबणीवर टाकलेल्या दुरुस्त्यांची यादी दर सहामाहीस वाढत गेली, तर देखभालीकडे दुर्लक्ष होत असल्याची ती खूण असते.

तातडीची सूचना : अचानक व मोठ्या प्रमाणावर झालेल्या गळतीसाठी सहामाही अहवालाची वाट पाहता येत नाही. १९८० च्या एका केंद्रीय अधिनियमानुसार घातक पदार्थाची ठराविक राशी २४ तासांच्या अवधीत बाहेर पडल्यास, ती कळून येताच राष्ट्रीय प्रतिसाद केंद्राला ताबडतोब सूचना द्यावी लागते. ही राशी बेंझिनासाठी १० पौंड (सु. ४.५ किग्रॅ.) व हायड्रोजन सल्फाइडासाठी १०० पौंड (सु. ४५ किग्रॅ.) आहे. भोपाळ येथे डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या मिथिल आयसोसायनेटाच्या गळतीनंतर अमेरिकेत १९८६ मध्ये आणीबाणीचे नियोजन व जनतेचा माहितीचा हक्क यांसंबंधीचा अधिनियम संमत झाला. त्यान्वये राज्य व स्थानिक आपत्कालीन समित्यांनाही तत्काळ सूचना व त्यामागोमाग लेखी अहवाल देणे बंधनकारक झाले. सल्फर डाय-ऑक्साइडासाठी या अधिनियमातील राशी ५०० पौंड (सु. २२७ किग्रॅ.) आहे. टेक्सस राज्यात परवान्याबाहेरील ठराविक राशीहून अधिक उत्सर्जन झाल्यास ते कळल्यापासून २४ तासांत प्राथमिक सूचना आणि घटना संपल्यापासून दोन आठवड्यांत अंतिम अहवाल द्यावा लागतो.

तातडीच्या सूचनेचे महत्त्व कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील दुर्घटनेवरून लक्षात येते. ६ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील शेव्हरॉन कंपनीच्या कारखान्यात अशुद्ध तेलाच्या ऊर्ध्वपातन विभागातील एका नळाला लहानशी गळती आढळली. गंधकयुक्त तेलाच्या उष्ण प्रवाहाने नळाची भिंत आतून झिजून पातळ झाली होती. विभाग चालू ठेवून गळतीचा शोध घेण्याचे प्रयत्न होत असतानाच, सुमारे अडीच तासांनी, नळ फुटला. बाष्पाच्या ढगात १९ कर्मचारी सापडले. ते सर्व बचावले. त्यानंतर लागलेल्या आगीच्या धुरामुळे परिसरातील सुमारे १५,००० लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. झडपांच्या नियमित तपासणीत नळाच्या आतील झीज दिसत नाही. तिच्यासाठी नळाच्या जाडीचे स्वतंत्र मापन लागते. तसेच लहान गळती व मोठी दुर्घटना यांमधला अवधी काही तासांचाच असू शकतो. जीवितहानी, गंभीर इजा किंवा मोठी वित्तहानी झालेली आकस्मिक गळती आठ तासांच्या आत रासायनिक सुरक्षा मंडळाला कळवावी, असा नियम अमेरिकेत २०२० मध्ये लागू झाला.

अहवालांची विश्वासार्हता : कारखानदाराने स्वतः केलेले मापन कितपत खरे असते, याची पडताळणी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० नंतरच्या दशकात केली. १७ परिष्करण कारखान्यांतील झडपा संस्थेच्या तपासनिसांनी पुन्हा तपासल्या. कंपन्यांच्या नोंदींनुसार गळक्या झडपांचे सरासरी प्रमाण १·३ टक्के होते. संस्थेच्या तपासणीत ते ५ टक्के आढळले. म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे तीन-चतुर्थांश गळक्या झडपा नोंदींत आल्याच नव्हत्या. न नोंदलेल्या झडपेची दुरुस्तीही होत नाही. त्यामुळे हा फरक कागदावर न राहता शेजारच्या वस्तीच्या हवेत उतरतो. २००० सालापासून संस्थेने अनेक तेल कंपन्यांशी न्यायालयीन तडजोडी केल्या. गळतीची अधिक कडक मर्यादा, तपासनिसांचे प्रशिक्षण व त्रयस्थाकडून तपासणी अशा अटी त्यांत घालण्यात आल्या.

कुंपणावरील मापन : प्रत्येक झडप तपासूनही काही गळत्या सुटतात आणि टाक्या व सांडपाण्याची कुंडे यांतून उठणारी बाष्पे हिशोबाने नेमकी काढता येत नाहीत. या अडचणीवर उपाय म्हणून २०१५ च्या नियमाने कारखान्याच्या सीमेवर बेंझिनाचे मापन सक्तीचे केले. अधिशोषक पदार्थ भरलेल्या लहान नळ्या कुंपणाभोवती ठेवतात व दर १४ दिवसांनी बदलून त्यांचे प्रयोगशाळेत विश्लेषण करतात. सर्वाधिक व सर्वांत कमी वाचनांतील फरक घेतल्याने बाहेरून आलेले बेंझीन बव्हंशी वजा होते. या फरकाची वार्षिक सरासरी दर घन मीटरला ९ मायक्रोग्रॅमहून अधिक झाल्यास पाच दिवसांच्या आत मूळ कारणाचा शोध सुरू करावा लागतो व प्रारंभिक सुधारणा ४५ दिवसांत पूर्ण करावी लागते. हे मापन जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाले. त्याचे तिमाही अहवाल जनतेलाही पाहता येऊ लागले.

या पद्धतीत कारखान्याच्या स्वतःच्या हिशोबाला बाहेरून ताळा मिळतो. वार्षिक अहवालातील बेंझिनाचा आकडा लहान व कुंपणावरील वाचन मात्र मोठे असेल, तर हिशोबात काही सुटले आहे हे उघड होते. तथापि मापनानंतर कारवाईही व्हावी लागते. संस्थेच्या महानिरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार २५ कारखान्यांत ही पातळी ओलांडली गेली होती व त्यांपैकी काहींत ती पुढेही दीर्घकाळ वरच राहिली. शिवाय १४ दिवसांच्या सरासरीत काही तासांची तीव्र गळती बुजून जाते. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने परिष्करण कारखान्यांच्या सीमेवर व लगतच्या वस्त्यांत तत्क्षणी वाचन देणारी मापनयंत्रणा बसविणे आवश्यक केले.

भारत : हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २३ अन्वये अपघातामुळे किंवा अनपेक्षित घटनेमुळे मानकाहून अधिक उत्सर्जन झाल्यास अथवा होण्याचा संभव असल्यास राज्य मंडळाला तत्काळ कळविणे आवश्यक आहे. घातक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठा अपघात ४८ तासांच्या आत संबंधित प्राधिकरणाला कळवावा लागतो. तेल परिष्करण कारखान्यांसाठी मार्च २००८ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांत गळती शोधून तिची दुरुस्ती करण्याचा कार्यक्रम अंतर्भूत असून मापनासाठी अमेरिकेतील पद्धत २१ चा निर्देश आहे. परिसरातील हवेत बेंझिनाची वार्षिक सरासरी दर घन मीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी, असे २००९ चे राष्ट्रीय मानक आहे.

मुंबईतील माहुल येथे १९५० नंतरच्या दशकात दोन परिष्करण कारखाने उभे राहिले. ते पुढे राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आले. या कारखान्यांच्या व रसायनांच्या साठवण टाक्यांच्या अगदी शेजारी दाट वस्ती आहे. तेथील बाष्पनशील संयुगांच्या प्रदूषणाबाबत रहिवाशांनी केलेल्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ व २०२० मध्ये आदेश दिले. वस्ती इतकी जवळ असली म्हणजे गळतीची पहिली जाणीव बहुधा रहिवाशांना वासावरून होते. परंतु वास मोजलेला नसतो आणि त्याची नोंद अहवालात येत नाही. कारखान्याने दिलेले आकडे सीमेवरील मापनाशी ताडून पाहण्याची व दोन्ही जनतेसमोर ठेवण्याची व्यवस्था असेल, तरच अहवालाचा उपयोग ज्यांच्या संरक्षणासाठी तो मागविला जातो त्यांना होऊ शकतो.