शिवडीच्या गाळात टिकेल ते इंजिन

काळाचौकीत राहणाऱ्याला समुद्र दिसत नाही. कॉटन ग्रीन स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की गोदामं लागतात, पोर्ट ट्रस्टच्या भिंती लागतात, ट्रेलरच्या रांगा लागतात. पाण्याची चाहूल लागते ती वाऱ्यावर आलेल्या खाऱ्या वासानं. तरीही या वस्तीच्या मागेच शिवडी बंदर आहे, थोडं दक्षिणेला दारूखाना आहे आणि आणखी पुढे भाऊचा धक्का. थंडीत शिवडीला रोहित पक्षी बघायला सगळी मुंबई लोटते, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूवरून गाड्याही इथूनच समुद्रावर चढतात. या दोघांच्या मध्ये चिखलात तिरक्या बसलेल्या लहान होड्यांकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

त्या होड्या चिखलात का बसतात, यातच इंजिनाच्या निवडीचं निम्मं उत्तर आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. शिवडीचा किनारा उथळ आणि गाळाचा, त्यामुळे ओहोटीला पाणी दूरवर मागे हटतं. अशा ठिकाणी होडीच्या पोटात बसवलेलं इंजिन आणि तळाखाली कायमचा अडकलेला पंखा घेऊन ये-जा करणं अवघड. म्हणून लहान होडीला आउटबोर्ड लागतं. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पंखा, आणि हे सगळं होडीच्या मागच्या फळीला स्क्रूनं आवळलेलं. हँडल फिरवलं की अख्खं मशीन वळतं, वेगळं सुकाण लागत नाही. पाणी कमी झालं की मशीन मागून उचलून तिरकं करायचं. पंखा वर येतो आणि होडी वल्ह्यावर नाहीतर बांबूवर ढकलता येते. दुरुस्तीच्या वेळी लहान मशीन काढून खांद्यावरून घरी नेता येतं.

ससून डॉकच्या किंवा भाऊच्या धक्क्याच्या मोठ्या ट्रॉलरांचं जग वेगळं. त्यांच्या पोटात डिझेल इंजिनं असतात, आणि अशोक लेलँडसारखी रस्त्यावरच्या ट्रकमुळे माहीत असलेली नावं तिथेही चालतात. आउटबोर्डचा गिऱ्हाईक म्हणजे किनाऱ्याजवळ जाळी टाकणारा लहान मच्छीमार, मालवण-तारकर्लीत पर्यटकांना फिरवणारा होडीवाला, गेटवेहून मांडव्याला स्पीडबोट पळवणारा व्यावसायिक आणि पुरात लोक बाहेर काढणारी पथकं.

‘भरवशाचं’ इंजिन म्हणजे काय, हे वरळी कोळीवाड्यानं सगळ्या शहराला समजावून सांगितलं. कोस्टल रोडचा पूल त्यांच्या क्लीव्हलँड बंदराच्या वाटेत येत होता, तेव्हा मच्छीमारांनी दोन खांबांमधलं अंतर दोनशे मीटर ठेवा म्हणून लढा दिला. अखेर १२० मीटरवर तडजोड झाली. ज्यांनी कधी होडी हाकली नाही, त्यांना हा हट्ट वाटला. पण खांबांच्या मधून जाताना इंजिन बंद पडलं, तर प्रवाह आणि वारा होडीला कुठे नेऊन आपटेल, याचा हिशेब त्या मागणीत होता. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती जागच्या जागी उभी राहते. होडी उभी राहत नाही.

मग कोणत्या कंपनीचं घ्यावं? किनाऱ्यावर हा प्रश्न विचारला की बहुतेकदा पहिलं नाव यामाहाचं येतं, मग सुझुकी, मर्क्युरी, होंडा, टोहात्सू. या नावांमागचा इतिहास मजेशीर आहे आणि गिऱ्हाइकाच्या कामाचाही.

आउटबोर्डला बाजारात खऱ्या अर्थानं उभं केलं ते ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी कारागिरानं. मिलवॉकीत १९०९ मध्ये त्यानं विक्रीला काढलेलं मशीन दीड अश्वशक्तीचं, साधारण २८ किलोंचं आणि ६२ डॉलरचं होतं. पुढे पन्नास-साठ वर्षं एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन नावं जगभर मानाची राहिली. दोन्ही ब्रँड सांभाळणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. कॅनडाच्या बॉम्बार्डियरनं ती नावं घेतली, आणि त्यातून निघालेल्या बीआरपी कंपनीनं मे २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनच थांबवलं. ज्या नावापासून हा धंदा सुरू झाला, ते नाव १११ वर्षांनी संपलं. ज्यांच्याकडे ती मशीनं होती, त्यांना कंपनीनं सुटे भाग देत राहण्याचं आश्वासन दिलं खरं, पण आश्वासन कॅनडात आणि होडी कोकणात, यात किती अंतर असतं हे कुणालाही कळेल.

जपानी कंपन्या त्या मानानं उशिरा आल्या. टोहात्सूनं १९५६ मध्ये जपानी आउटबोर्डची सुरुवात केली, यामाहाचं पहिलं मशीन १९६० चं, होंडाचं १९६४ चं आणि सुझुकीचं १९६५ चं. होंडानं पहिल्यापासून फोर-स्ट्रोकचाच हट्ट धरला. तेव्हा बाकीचं बहुतेक जग टू-स्ट्रोकवर होतं. यातली दुकानदार आपणहून सांगत नाहीत अशी एक गोष्ट म्हणजे लहान अश्वशक्तीची मर्क्युरी मशीनं अनेक वर्षं टोहात्सूबरोबरच्या भागीदारीतूनच येत आली आहेत. झाकणाचा रंग आणि स्टिकर वेगळे, आतलं मशीन बरंचसं तेच. म्हणून लहान मशीन घेताना नावावरून भांडण्यात फार अर्थ नाही.

यामाहाचं नाव आपल्याकडे इतकं का रुजलं? यंत्र चांगलं आहे, हे झालंच. पण खरं कारण ‘एंड्युरो’सारखी मशीनं. अमेरिकेत प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि साधी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक मशीनं तिथून हटली. आशिया-आफ्रिकेच्या मच्छीमारांसाठी मात्र ती जाड हाडापेराची, कमी नखऱ्याची टू-स्ट्रोक बनत राहिली. केरळात तर पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर टाकायची आउटबोर्ड हजारो होड्यांवर चालली. एकाच किनारपट्टीवर एकाच जातीची इतकी मशीनं फिरली की त्यांचे मिस्त्री तयार झाले, सुटे भाग बंदरावरच्या दुकानांत आले, आणि जुनं मशीन विकायला गेलं तरी किंमत येऊ लागली. ही साखळी जिथे आहे तो ब्रँड भरवशाचा. उद्या दुसऱ्या कंपनीनं तेवढीच साखळी उभी केली, तर यामाहाचा आग्रह धरायचं कारण उरणार नाही.

टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक, हा वाद चहाच्या टपरीवर संपत नाही. चाळीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक सत्तर किलोंच्या आसपास असतं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक शंभरच्या जवळ. लहान होडीच्या मागच्या फळीवर हा तीस किलोंचा फरक जाणवतो. मागचा भाग बुडतो, पुढचा उचलला जातो. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, धूर होतो, पेट्रोल जास्त जातं. पण मिस्त्री पाना घेऊन बसला की ते उघडतं आणि बहुतेक वेळा दुरुस्त होऊन चालू होतं. फ्युएल इंजेक्शनचं फोर-स्ट्रोक शांत, कमी पेट्रोल खाणारं. बिघडलं की मात्र लॅपटॉप आणि कंपनीची केबल लागते. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या पर्यटकांच्या बोटीला फोर-स्ट्रोक पेट्रोलच्या बचतीत आपले पैसे भरून काढतं. आठवड्यात तीनदा खाडीत जाणाऱ्या होडीसाठी ते घेणं बहुतेक वेळा शेजाऱ्याला दाखवण्यापुरतंच असतं.

आता एक लहानसा रबराचा तुकडा पाहू. आउटबोर्डला रेडिएटर नसतो, ते समुद्राचंच पाणी ओढून थंड राहतं. खालच्या भागात, गिअरच्या वर एक पंप असतो आणि त्यात सहा-आठ पाकळ्यांचं रबरी चक्र फिरतं. त्याला इम्पेलर म्हणतात. पंपानं ओढलेलं पाणी इंजिनातून फिरून मागच्या बारीक भोकातून धारेनं बाहेर पडतं. अनुभवी माणूस मशीन चालू झाल्याबरोबर आधी त्या धारेकडे बघतो. धार बारीक झाली किंवा गरम येऊ लागली की पाण्याची वाट अडली असं समजावं. मुंबईच्या पाण्यात ती अडते प्लॅस्टिकच्या पिशवीनं. पिशवी पंख्याजवळच्या जाळीला चिकटते, पाणी थांबतं, इम्पेलर कोरडा फिरून रबर जळतं आणि इंजिन तापतं. गाळाचं पाणी तर या पाकळ्या कानशीसारखं घासतं. स्वच्छ पाण्यात दोन-तीन वर्षं चालणारं चक्र शिवडीसारख्या ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी झिजतं. बदलायला खालचा भाग चार-सहा बोल्ट काढून उतरवावा लागतो, आणि खाऱ्या पाण्यानं ते बोल्ट धरले असतील तर तिथेच अर्धा दिवस मोडतो.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न अश्वशक्तीचा विचारू नये. “या मॉडेलचा इम्पेलर आत्ता कपाटात आहे का?” असं विचारावं. काढून दाखवला, तर पुढचं बोलणं. “मागवून देऊ” असं उत्तर आलं, तर ते मशीन ऐन हंगामातही असंच मागवून दिलेल्या भागाची वाट बघत बसणार आहे. मागच्या फळीची उंची मोजून न्यावी, कारण मशीनचे दांडे साधारण १५, २० आणि २५ इंचांचे येतात. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि लांब झाला तर गाळात रुततो.

पेट्रोल हा नवा डोकेदुखीचा विषय. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२५ पर्यंत पंपांवर आलं, आणि आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र बहुधा १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल धरतं, आणि समुद्रावर ओल असतेच. टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून राहिलं तर तळाशी पाणी साचतं, कार्ब्युरेटरचे जेट चिकटतात. पाणी गाळणारा फिल्टर मध्ये बसवणं आणि वॉरंटीत या पेट्रोलाबद्दल काय म्हटलंय ते लेखी घेणं, एवढं तरी गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

जुनं मशीन घेणारे अनेक. दारूखान्याकडे पाय वळणं साहजिकच. २०१४ मध्ये जिथे ‘विक्रांत’सारखी विमानवाहू नौका मोडली, तिथे जहाजाचं काय मिळत नाही? पण जुन्या आउटबोर्डचा क्रमांक तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. फळीला आवळायच्या कंसावर एक लहान पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि क्रमांक असतो. पट्टी खरवडलेली असेल तर मशीन चोरीचं किंवा जोडतोडीचं असू शकतं.

त्या क्रमांकाचं मोल याच शहरानं पाहिलंय. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी कफ परेडच्या मच्छीमार नगरात ज्या रबरी होडीतून उतरले, तिला यामाहाचं आउटबोर्ड होतं. तपासात त्या इंजिनाच्या क्रमांकावरून ते जपानमध्ये बनून पाकिस्तानात आयात झाल्याचं निघालं, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानच्या अंतर्गत मंत्रालयाचे प्रमुख रेहमान मलिक यांनाही ते कराचीतल्या दुकानातून घेतल्याचं सांगावं लागलं. कारखान्यात ठोकलेला एक आकडा दोन देशांच्या वादात पुरावा ठरला.

त्या हल्ल्यानंतर सरकारनंही बोटी घेतल्या. न्यूझीलंडहून पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या बोटी मुंबई पोलिसांकडे आल्या, इतर वेगवान बोटीही आल्या. नंतरच्या वर्षांत गस्तीच्या बोटी देखभाल-दुरुस्तीअभावी बंद असल्याच्या बातम्या येत राहिल्या. निविदेत बोटीची किंमत असते. पाच वर्षांनी लागणारे सुटे भाग आणि त्यांना हात लावणारा माणूस हे निविदेच्या कागदात कोपऱ्यात बसतात.

इंजिन नवं बसवलं की चाचणी कुठे घ्यावी, हेही मुंबईनं फार महागात शिकलं. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलानं सांगितलं. लहान होडीवाल्यासाठी यातला धडा एका साध्या दोरीत आहे. आउटबोर्डला लाल गुंडाळीची किल-स्विच दोरी येते, तिचं टोक हाकणाऱ्याच्या मनगटाला अडकवायचं. माणूस पडला किंवा जागेवरून उडाला की मशीन बंद. बहुतेक होड्यांवर ती दोरी मशीनलाच गुंडाळून ठेवलेली दिसते.

विजेवरच्या आउटबोर्डची चर्चाही सुरू झाली आहे. जर्मनीची टोर्कीडो या क्षेत्रातली जुनी कंपनी, आणि ती २०२४ मध्ये यामाहानंच घेतली. तलावात, अभयारण्यात, शांत खाडीत ही मशीनं उत्तम. शिवडीच्या धक्क्यावर बॅटरी चार्ज करायला प्लग कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचा काळ. अनेक होड्या तेव्हा किनाऱ्यावर येतात आणि बरीच मशीनं घराच्या ओसरीत उभी राहतात. गोड्या पाण्यात धुऊन, पेट्रोल काढून टाकून, गंज अडवायला बसवलेले जस्ताचे तुकडे झिजले असतील तर बदलून मशीन मिस्त्रीकडे द्यायचं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर गेलं तर मिस्त्रीकडे रांग असते, आणि नेमका तेव्हाच दुकानातला इम्पेलर संपलेला असतो.