पडद्यावरचा गोळीबार आणि घरातला भुर्दंड



लागण, पाणी, खत आणि बिल हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही शेवटी उसाच्या बिलापाशीच येऊन ठेपतो.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद, लेकी-जावई नोकरीधंद्यापायी मुंबईत घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे राहतात. मे महिन्यात त्यांची पोरं गावी येतात आणि आपल्या पोरांबरोबर ओसरीवर बसून मोबाईलवर लढाई खेळतात. "मार, मार, मागनं आला!" असा कालवा चालतो. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "दिवसभर माणसं मारायचा हा कसला खेळ? उद्या पोरगं खरंच कुणावर हात उगारील." ही काळजी रास्त आहे. परंतु धोका नेमका कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. मुंबई उपनगरांत घडलेली दोन प्रकरणे या दृष्टीने विचार करण्याजोगी आहेत.

जोगेश्वरीचे दहा लाख

ऑगस्ट २०२१ मधील गोष्ट. जोगेश्वरीच्या एका १६ वर्षांच्या मुलाला पबजी खेळाचा नाद लागला. या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जो टिकतो तो जिंकतो. खेळ फुकट असतो, पण त्यातले कपडे, बंदुकांची सजावट यांना पैसे पडतात. अशा खर्चापायी या मुलाने आईच्या बँक खात्यातून सुमारे १० लाख रुपये घालवले. प्रकार उघडकीस येताच आईवडील रागावले, तेव्हा तो चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. पोलिसांनी शोध घेतला आणि अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफांच्या भागात तो सुखरूप सापडला.

आता हे १० लाख आपल्या हिशेबात मांडून बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. त्या दराने हे २८१ टनांहून जास्त उसाचे पैसे झाले. एकरी ४० टन धरला तरी सात एकरांचे पीक, आणि तेही तोडणी-वाहतूक वजा न करता! आज उसाचे बिल थेट खात्यावर जमा होते आणि खात्याला जोडलेला मोबाईल बहुतेक घरांत पोराच्याच हातात असतो. तेव्हा ही मुंबईची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

यात आणखी एक ध्यानात घ्यावे. एवढ्या बंदुका चालवूनही या मुलाने कुणावर हात उगारल्याची ही तक्रार नव्हती. गेले ते पैसे, आणि थोडक्यात वाचले ते पोर.

साप म्हणून भुई धोपटली

दुसरे प्रकरण अंधेरीचे. जुलै २०१७ मध्ये तेथील १४ वर्षांच्या एका मुलाने आपले जीवन संपवले. 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाने त्याचा बळी घेतला, असा गवगवा झाला आणि देशभरचे पालक हादरले. केंद्र सरकारने अशा प्रकरणांच्या तपासासाठी समिती नेमली. एकाही प्रकरणात या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असे तत्कालीन गृहराज्यमंत्री, आपल्या चंद्रपूरचे हंसराज अहीर यांनी जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितले. खेळावर खापर फोडले की मुलाच्या मनात काय चालले होते, हा खरा प्रश्न मागे पडतो.

शास्त्र काय सांगते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपले मत पुन्हा स्पष्ट केले. मारधाडीच्या खेळामुळे माणूस खून-मारामारी करतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मात्र ओरडणे, ढकलाढकली करणे अशा आक्रमकपणाशी या खेळांचा थोडा, पण खात्रीचा संबंध दिसतो.

खरा घोर आहे तो व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही. शाळा, जेवण, झोप यांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही. हे साधारण वर्षभर चालले तर आजार समजावा. सुट्टीत चार दिवस खेळला म्हणून पोराला आजारी ठरवू नये.

सरकारने बंदी घातली होती ना?

होय. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ ॲपवर बंदी आली, पण कारण देशाच्या सुरक्षेचे होते, मुलांच्या मनाचे नव्हे. जुलै २०२१ मध्ये हाच खेळ नव्या नावाने परत आला. त्या वेळी १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास आणि ७,००० रुपये अशी मर्यादा होती. सात हजार, म्हणजे जवळजवळ दोन टन ऊस, रोजचा! २०२५ साली संसदेने कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. एवंच, कायदा आपल्या जागी, पण ओसरीवरची राखण घरच्यांनीच करायची आहे.

घरात काय करावे?

बिलाचे खाते आणि खेळाचा मोबाईल वेगळा ठेवा. ओटीपी आणि पिन पोराला सांगू नका. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा आणि ते स्वतः वाचा.

रात्री मोबाईल पोराच्या उशाशी नको. पिकाला पाण्याची पाळी चुकली की ते सुकते, तसेच पोराची झोप चुकली की त्याचा अभ्यास आणि स्वभाव दोन्ही सुकतात.

हा डाव मधेच थांबवता येत नाही, सोडला तर सोबत्यांचे नुकसान होते. म्हणून ऐन डावात "मोटार चालू करून ये" म्हटले की पोरगं खेकसतं. "हा डाव झाला की ऊठ" असे आधीच ठरवून घ्या आणि मग मात्र उठवाच.

आणि चूक उघडकीस आली तर आधी पोराला जवळ बसवा, हिशेब मागाहून करा. पैसा पुढच्या हंगामात मिळवता येईल. पोर गप्प-गप्प राहत असेल, खेळ सुटत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा रात्रंदिवस विनामूल्य सल्ला देते. त्यात लाज कसली? उसावर रोग दिसला की आपण शेती अधिकाऱ्याला विचारतोच ना!