पाऊस, शहर आणि गवत : कापलेला पाइप

हिरवी छपरं आज नाहीत. कबूल केली होती, पण मधेच डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. ते विचारतात, ‘8 जुलै 2013 ला टोरांटोच्या विमानतळावर 126 मिलिमीटर पाऊस झाला आणि लोकल पाण्यात अडकून प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, असं तुम्ही लिहिता. आम्ही 26 जुलै 2005 चे सांताक्रूझचे 944 पाहिलेत. 126 ला शहर अडतं कसं?’

खोच मान्य. पण आधी हिशोब करू. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. 126 चे झाले 12,600 लिटर, म्हणजे दहा हजारवाला टँकर सव्वा वेळा. हे एका घराचं, आणि त्यातलं बरंचसं दोनेक तासांत. जुन्या टोरांटोत छपराचा पाइप भिंतीवरून उतरून थेट जमिनीखालच्या गटारात जायचा. जुन्या वस्त्यांत सांडपाणी आणि पाऊस यांना नळही एकच. तो तुडुंब भरला की मैल्यासकट पाणी डॉन नदीत, नाहीतर ओंटारियो तलावात सोडलं जातं. शहर पितं त्याच तलावाचं. आणि तिथेही वाट मिळाली नाही, तर ते तळघराच्या मोरीतून वर येतं.

यावर शहरानं काढलेला उपाय म्हणजे तो पाइप कापायचा! आधी ऐच्छिक होतं, पालिका फुकट कापून द्यायची. तेवढ्यानं भागेना, तेव्हा सक्ती आली : नोव्हेंबर 2011 पासून एकत्र गटारांच्या भागात, मग 2013 आणि 2016 मध्ये उरलेल्या शहरात. जमिनीच्या जरा वर करवत चालवायची, खालच्या तोंडाला टोपण, वरच्याला कोपरा, आणि पुढे पायापासून सहा फुटांवर पाणी गवतात सोडायचं. कोकणात पन्हळीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडतात, तसंच. या लेखमालेत आलेल्या सगळ्या उपायांत इतक्या कमी पैशात इतकं देणारा दुसरा नाही, असं माझं मत आहे. त्याचं उद्‌घाटन करायला मात्र कुठलाही महापौर येत नाही.

अडचणी आहेतच. जोडघरांच्या मधल्या बोळात माणूस आडवा मावत नाही, तिथे सोडलेलं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीला लागतं. अशांना अर्ज करून सूट मागता येते. पाइपाचं तोंड पायवाटेकडे असेल तर थंडीत रात्रीतून बर्फाची काच तयार, आणि सकाळी पोस्टमन तिच्यावर. सगळ्यात कठीण महिना मार्च. वरचं बर्फ वितळतंय, त्यावर पाऊस, आणि खालची जमीन अजून गोठलेली. तेव्हा गवत आणि डांबर यांत फारसा फरक राहत नाही. जुलैत उपयोगी पडणारं अंगण मार्चमध्ये कामाला येत नाही, हे इथले अंगणप्रेमी (मीही त्यांतलाच) सांगायला विसरतात.

पत्रातला दुसरा प्रश्न : पाइपाखाली पिंप का ठेवत नाहीत? ठेवतात. दोनशे लिटरचं पिंप छपराच्या चौथ्या भागाखाली ठेवलं, तर आठ मिलिमीटरला भरतं. पुढचा पाऊस वरून वाहून जातो. दोन पावसांच्या मधे ते आठवणीनं रिकामं करणाऱ्यालाच फायदा, आणि अशी माणसं थोडी. टोमॅटोंना ते पाणी उत्तम. थंडीआधी पिंप रिकामं करून उलटं ठेवायचं, नाहीतर बर्फानं तडकतं.

हे सगळं झालं अंगण असलेल्यांचं. वीस मजली इमारतीचा पाइप कापून पाणी सोडणार कुठल्या गवतावर? तिथे गवतच वर न्यावं लागतं. टोरांटोनं 2010 पासून 2,000 चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना ते बंधनकारक केलं. पुढच्या आठवड्यात तेच, दुसरं पत्र आलं नाही तर.