माणसं मोजा, नावं कशाला?

बडनेरा जंक्शनच्या खिडकीवर एके काळी पुठ्ठ्याचं छोटं, जाड तिकीट मिळायचं. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने १८३०च्या दशकात काढलेली ही पद्धत. प्रत्येक गावाची, प्रत्येक वर्गाची वेगळी चळत आणि तिकिटांवर ओळीने छापलेले क्रमांक. पाळी संपली की बुकिंग क्लार्क चळतीतल्या पुढच्या तिकिटाचा क्रमांक वहीत टिपायचा, त्यातून पाळी सुरू होतानाचा क्रमांक वजा करायचा. अकोल्याला किती गेले, मूर्तिजापूरला किती, हे तेवढ्यात कळायचं. त्यातला कापसाचा दलाल कोण आणि माहेरी निघालेली लेक कोण, हे रेल्वेला ठाऊक नसे. गाड्या सोडायला, डबे वाढवायला त्याची गरजही नव्हती.

आज मोबाइलमधलं प्रत्येक अ‍ॅप आपल्याला मोजतं. मोजण्यात गैर काही नाही, उलट आपल्यासारख्यांसाठी ते बरंच आहे. अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हातात नवा, महागडा फोन असतो. कुरुमच्या किंवा दर्यापूरच्या माणसाकडे पाच वर्षांपूर्वीचा, मेमरी भरलेला हँडसेट असतो आणि अ‍ॅप उघडताच बंद पडतं. किती फोनांवर ते बंद पडतं हे वरपर्यंत पोचलंच नाही, तर दुरुस्ती कोण करणार? प्रश्न एवढाच की ‘किती’ विचारताना ‘कोण’ हेही हळूच टिपून घेतलं जातं का.

बहुतेक वेळा घेतलं जातं, कारण ते फुकट मिळतं. रेल्वेचंच पाहा. आरक्षणाला नाव लागतं, ते ठीक. पूर्वी डब्यावर नाव, वय, स्त्री-पुरुष असा तक्ता चिकटवत. शेजारी कोण येणार हे वाचण्यात आपण सगळेच रमायचो! १ मार्च २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर तो लावणं थांबलं. पण कागद प्रवासाबरोबर फाटून जायचा, संगणकातली नोंद तशी फाटत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसं काढता येईल हे सांगणारा सल्लागार नेमण्यासाठी निविदा काढली. अभ्यासायच्या माहितीत नाव, वय, मोबाइल नंबर, पत्ता, पैसे भरण्याची पद्धत असं बरंच होतं. ओरड झाली आणि त्याच महिन्यात, संसदीय समितीसमोर प्रकरण आल्यावर, निविदा मागे घेतली गेली. बडनेऱ्याहून मुंबईला जायला दिलेला नंबर विकाऊ माल म्हणून पाहिला जाईल, असं तिकीट काढताना कुणाच्या मनातही आलं नसेल.

उलट उदाहरणंही आहेत. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीत कोणती सॉफ्टवेअर किती वापरली जातात हे मोजण्याची सोय आहे, पण प्रणाली बसवताना ती आधी विचारते आणि तयार उत्तर ‘नाही’ असतं. केडीई प्लाझ्मा या मुक्त डेस्कटॉपमध्येही २०२० पासून तशी सोय आली, तीही मुळात बंदच. अशाने आकडे कमी मिळतात, थोडे एकांगीही असतात. तरी चालतं, कारण ते संमतीने आलेले असतात.

पण काही प्रश्न असे असतात की संमती घेतली तरी माणूस खरं सांगत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. गाजावाजा न करता पेरणारे किती, हे बांधावर जाऊन विचारलं तर कोण कबूल होईल? अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये अशा अडचणीवर युक्ती सुचवली. तिचं एक सोपं रूप असं. शेतकऱ्याने नाणं उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. समजा हजारांपैकी ६५० जण ‘हो’ म्हणाले. त्यातले सुमारे ५०० नाण्याने म्हणायला लावलेले. उरलेल्या ५०० पैकी १५० खरोखरचे, म्हणजे ३० टक्के. एकूण आकडा हाती आला, पण कोणत्याही एका शेतकऱ्याकडे बोट दाखवून ‘यानेच पेरलं’ असं म्हणता येत नाही. तो सरळ सांगेल, छापा पडला होता साहेब.

याच विचाराला २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी पक्कं गणित दिलं. गूगलने २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरसाठी आणि अ‍ॅपलने २०१६ पासून आयफोनमध्ये ही पद्धत आणली: फोन आपलं उत्तर आधीच थोडं बिघडवतो आणि मग पाठवतो. मात्र तिला गर्दी लागते. लाखो उत्तरांत बिघाड एकमेकांना खोडतो. वीस शेतकऱ्यांच्या गावात नाण्याने सगळा हिशेबच गिळला असता.

छोट्या आकड्यांचा धोका नाव पुसूनही जात नाही. एखाद्या लहान स्थानकाहून पहाटेच्या गाडीने रोज एकच पासधारक जात असेल, तर ‘प्रवासी: १’ एवढ्या नोंदीवरून अख्खं गाव त्याचं नाव सांगेल. म्हणून ठरावीक संख्येखालचे आकडे छापायचेच नाहीत, अशी जाणत्या संख्याशास्त्रज्ञांची रीत आहे.

कायदाही उशिराने का होईना आला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. संमती मागणारी सूचना मराठीतही मिळायला हवी आणि दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता यायला हवी, असं तो सांगतो. सांख्यिकीच्या कामाला त्यात सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. ही अट मला सगळ्यात मोलाची वाटते. ती मोडली गेली हे सिद्ध करणं मात्र अवघड जाईल.

बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली पोरं उद्या कापसाच्या भावाचं अ‍ॅप बनवतील तेव्हा नमुन्यातला पहिला रकाना सवयीने मोबाइल नंबरचा येईल. भाव पाहायला नंबर लागत नाही. कोणत्या तालुक्यातून जास्त पाहिलं जातं हे हवं असेल तर तालुका विचारावा, आणि गावाचा रकाना ठेवूच नये.