रक्ततपासणीचा अहवाल आणि स्क्लेरोडर्मा : काय कळते, काय कळत नाही

थंडीत बाहेर पडल्यावर किंवा गार पाण्यात हात घालताच बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात. अशी तक्रार घेऊन आपण दवाखान्यात गेलात, तर डॉक्टर काही रक्ततपासण्या लिहून देतात. काही दिवसांनी अहवाल हाती येतो आणि त्यावर ‘एएनए पॉझिटिव्ह’ असे शब्द असतात. ते वाचून काही कुटुंबे धास्तावतात. काही जण त्रास फारसा नाही म्हणून अहवाल कपाटात ठेवून देतात. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. या तपासण्या काय सांगतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि पुढे काय करावे, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

आजाराचे स्वरूप

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार करते. स्वयंप्रतिकार आजारांत ही यंत्रणा स्वतःच्याच पेशींना परके समजू लागते. स्क्लेरोडर्मा हा अशा आजारांपैकी एक. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि ऊतींमध्ये तंतूंचा साठा वाढून त्वचा जाड व ताठ होते. बोटे सुजतात, मूठ नीट वळत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही, घास गिळताना अडकतो, छातीत जळजळ होते. काही रुग्णांत फुप्फुसे, हृदय आणि मूत्रपिंडे यांनाही इजा पोहोचते.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. दगडखाणी, दगड फोडण्याचे व घासण्याचे कारखाने अशा ठिकाणी सिलिकाची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेलेल्या कामगारांना त्याचा धोका अधिक असतो; म्हणून आपला व्यवसाय डॉक्टरांना अवश्य सांगावा. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णासोबत राहिल्याने, जेवल्याने किंवा त्याला स्पर्श केल्याने तो कोणालाही होत नाही.

थंडीने बोटांचा रंग बदलणाऱ्या बहुतेक व्यक्तींना स्क्लेरोडर्मा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. मात्र रंगबदलासोबत बोटांना सतत सूज असेल, बोटांच्या टोकांवर जखमा होत असतील किंवा हा त्रास तिशीनंतर नव्याने सुरू झाला असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

पहिली पायरी : एएनए तपासणी

एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे. ती शोधण्यासाठी रक्तद्रव टप्प्याटप्प्याने पातळ करून पाहतात. अहवालातील १:८०, १:१६०, १:६४० असे आकडे हेच दर्शवितात. उजवीकडील आकडा जितका मोठा, तितके प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त.

स्क्लेरोडर्मा असलेल्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत ही तपासणी पॉझिटिव्ह येते. परंतु याचा उलटा अर्थ काढता येत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ३० टक्के १:४० या पातळीवर, सुमारे १३ टक्के १:८० वर आणि सुमारे ५ टक्के १:१६० वर पॉझिटिव्ह आढळल्या होत्या. वाढते वय, थायरॉइडचे विकार, काही संसर्ग तसेच क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारखी औषधे यांमुळेही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा लक्षणे नसताना केवळ या एका शब्दावरून आजाराचे निदान होत नाही आणि उपचारही सुरू केले जात नाहीत. केवळ या कारणासाठी क्षयरोगाची औषधे मनाने बंद करू नयेत.

एएनए एकदा पॉझिटिव्ह आल्यावर ती तपासणी वारंवार करण्याची सहसा गरज नसते. आकडा कमी-अधिक झाल्याने आजार घटला किंवा वाढला असे ठरत नाही.

दुसरी पायरी : विशिष्ट प्रतिपिंडे

लक्षणे व एएनए दोन्ही आजाराकडे बोट दाखवीत असतील, तर डॉक्टर विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी सांगतात. कोणत्या अवयवावर अधिक लक्ष ठेवायचे, हे त्यावरून कळते.

• अँटी-सेंट्रोमिअर : त्वचेतील बदल बहुधा हातपायांच्या टोकांपुरते व चेहऱ्यापुरते राहतात आणि आजार संथपणे वाढतो. तथापि काही वर्षांनी फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढू शकतो. चालताना धाप लागू लागल्यास ती वयावर ढकलू नये.

• अँटी-एससीएल-७० : फुप्फुसांत तंतू साठून ती कडक होण्याचा धोका अधिक असतो. कोरडा खोकला व दम यांकडे लक्ष द्यावे. तक्रार नसली तरी सुरुवातीलाच फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी.

• अँटी-आरएनए पॉलिमरेझ-३ : त्वचा झपाट्याने ताठ होऊ शकते आणि मूत्रपिंडांवर अचानक संकट येण्याचा धोका सर्वाधिक असतो. काही रुग्णांत त्याच सुमारास कर्करोगही आढळतो. म्हणून डॉक्टर त्या दृष्टीनेही तपासणी सुचवितात.

• अँटी-यू१-आरएनपी : स्क्लेरोडर्मा, ल्युपस आणि स्नायूंचा दाह यांची लक्षणे एकत्र दिसणाऱ्या मिश्र आजारात हे प्रतिपिंड आढळते.

एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचे सर्व रुग्ण सारखे नसतात. प्रतिपिंड संभाव्य धोका दर्शविते. तो प्रत्यक्षात येईलच असे नाही. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आजार ठरविण्यासाठी ९ गुणांची आवश्यकता असून प्रतिपिंडांना त्यांपैकी केवळ ३ गुण आहेत. दोन्ही हातांच्या बोटांची त्वचा जाड होऊन तो बदल बोटांच्या मुळांपलीकडे तळहातापर्यंत पोहोचला असेल, तर तेवढ्याच खुणेला ९ गुण आहेत. डॉक्टरांनी हात पाहणे, त्वचा चिमटीत धरून तपासणे याला म्हणूनच महत्त्व आहे.

रक्तदाबाची नोंद : घरच्या घरी घ्यावयाची काळजी

मूत्रपिंडांवरील संकटाची चाहूल अनेकदा प्रथम रक्तदाबात लागते. रक्तदाब अचानक चढतो. डोके दुखते, दृष्टी धूसर होते, धाप लागते, लघवीचे प्रमाण घटते. काही दिवसांतच मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एसीई इनहिबिटर गटातील कॅप्टोप्रिलसारखी औषधे उपलब्ध होण्यापूर्वी यातून फार थोडे रुग्ण वाचत. आज ही औषधे सहज मिळतात. मात्र ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळेत सुरू व्हावी लागतात.

म्हणून त्वचा झपाट्याने ताठ होत असेल किंवा आरएनए पॉलिमरेझ-३ प्रतिपिंड आढळले असेल, तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा रक्तदाब मोजून वहीत तारखेसह लिहावा. घरी यंत्र नसल्यास जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजता येतो. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, अथवा वरचा आकडा नेहमीपेक्षा ३० ने वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ज्यांचा वरचा आकडा एरवी १०० असतो, त्यांच्या बाबतीत १३० हाही इशारा समजावा.

स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेमुळे हे संकट ओढवण्याचा धोका वाढतो. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या किंवा अनोळखी पुड्या यांत स्टेरॉइड असू शकते. अशी औषधे घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड सुरू असल्यास तेही एकदम थांबवू नये. विचारूनच कमी करावे.

रक्तात न दिसणाऱ्या गोष्टी

प्रतिपिंडे फुप्फुसांची सद्यःस्थिती सांगत नाहीत. त्यासाठी श्वसनक्षमता चाचणी व छातीचा एचआरसीटी स्कॅन, तर हृदयासाठी इकोकार्डिओग्राफी करावी लागते. नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या विशेष भिंगातून पाहिल्यास सुरुवातीच्या काळातही आजाराची खूण सापडू शकते. रक्तातील एनटी-प्रोबीएनपी हृदयावरील ताण, क्रिएटिनिन मूत्रपिंडांचे कार्य आणि सीके स्नायूंचा दाह दर्शविते. या तपासण्या मात्र ठरावीक काळाने पुन्हा कराव्या लागतात.

संबंधित आजारांतील तपासण्या

ल्युपसमध्ये अँटी-डीएसडीएनए व अँटी-एसएम, संधिवातात अँटी-सीसीपी, तर डोळे व तोंड कोरडे पडणाऱ्या शोग्रेन आजारात अँटी-आरओ ही प्रतिपिंडे उपयोगी ठरतात. अँटी-आरओ असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वी किंवा गर्भधारणा कळताच डॉक्टरांना ही गोष्ट सांगावी. क्वचित प्रसंगी त्याचा गर्भाच्या हृदयगतीवर परिणाम होतो; त्यासाठी देखरेख ठेवता येते.

अहवाल हाती आल्यावर

• सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवावेत व प्रत्येक भेटीत सोबत न्यावेत.
• संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ते जवळ नसल्यास जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनी दूरसल्ला सेवेची मदत घ्यावी.
• ‘माझ्या प्रतिपिंडामुळे कोणत्या अवयवाची तपासणी किती महिन्यांनी करावी?’ हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा.
• तंबाखू व धूम्रपान सोडावे. केवळ हातच नव्हे, तर संपूर्ण शरीर उबदार ठेवावे.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे

रक्तदाब अचानक वाढून तीव्र डोकेदुखी, धूसर दृष्टी, झटके, वाढती धाप किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही जाणवल्यास, तसेच बोटाचे टोक काळे पडल्यास थांबू नये. बहुतेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ‘रुग्णाला स्क्लेरोडर्मा आहे’ हे रुग्णालयात पोहोचताच प्रथम सांगावे व फाइल दाखवावी. उपचारांची दिशा ठरविण्यास त्याची मोठी मदत होते.