साखरपुड्याची अंगठी : बोट कोणाचे, खिसा कोणाचा?

दिवाळी सरली की आमच्या वस्त्यांमध्ये सोयरिकी ठरू लागतात आणि समाजमंदिरांच्या तारखा साखरपुड्यांसाठी अडवल्या जातात. पूर्वी साखरपुडा म्हणजे नावाप्रमाणे साखरेचा पुडा, एक लुगडे, दहा-वीस माणसे आणि चहा. आता तो अर्धे लग्नच होऊन बसला आहे. स्टेज, फ्लेक्स, तीनशे माणसांचे जेवण, आणि या सगळ्याच्या मध्यभागी मखमली डबीत दोन अंगठ्या! त्रिसरण-पंचशील झाले की मुलगा मुलीच्या आणि मुलगी मुलाच्या बोटात अंगठी घालते, टाळ्या पडतात, फोटोवाला "परत एकदा" म्हणतो. हा विधी ना तथागतांनी सांगितला ना बाबासाहेबांनी. तो सिनेमातून आपल्या मंडपात आला. आला म्हणून आमची तक्रार नाही. दोघांनी एकमेकांना सारखीच वस्तू द्यावी, यात बरोबरीच आहे. नुसते मुलीलाच कुंकू लावून तिला बांधून टाकण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. आमचा प्रश्न त्या टाळ्यांच्या आधीच्या पंधरा दिवसांचा आहे. अंगठी निवडतो कोण? तिचे पैसे देतो कोण? आणि बिल कोणाच्या नावावर फाटते?

बहुतेक घरांत उत्तर ठरलेले आहे. मुलाची अंगठी मुलीच्या बापाने करायची, मुलीची मुलाकडच्यांनी. वरून पाहता हिशेब चोख वाटतो. पण वजनकाट्यावर ठेवा म्हणजे कळेल. मुलीच्या बोटात दोन ग्रॅमची नाजूक अंगठी आणि जावईबापूंच्या बोटात पाच-सहा ग्रॅमची. बैठकीत मुलाचे काका हळूच म्हणतात, "आमचं तसं काही मागणं नाही, फक्त अंगठी जरा वजनदार असू द्या, चार लोकांत दिसते." वकिलीत आणि चळवळीत मिळून हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता बोलणाऱ्याचा चेहरा पाहूनच पुढचे शब्द ओळखता येतात. आणि ज्या घरांत हे वाक्य बोलले जाते, त्या घरांत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, ही खरी वेदना आहे.

हे मागणे नसून काय आहे? १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम २ मध्ये लग्नाच्या संबंधात, लग्नाआधी, लग्नावेळी किंवा लग्नानंतर दिलेली अथवा देण्याचे कबूल केलेली मालमत्ता हुंड्यात मोडते. कलम ४ प्रमाणे नुसती मागणी हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. लग्न व्हायचेच आहे, मग हुंडा कसला, असे म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एस. गोपाल रेड्डी प्रकरणात उत्तर दिले आहे. ठरलेल्या, पण अजून न झालेल्या लग्नातली मागणीही याच कायद्यात येते. कायदा राजीखुशीच्या भेटीला आडवा येत नाही. न मागता दिलेली, यादीत नोंदलेली, रीतीप्रमाणे आणि देणाऱ्याच्या ऐपतीत बसणारी भेट तो मान्य करतो. पण बैठकीत कागदावर "मुलास अंगठी अर्धा तोळा" असे लिहून खाली दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या घेतल्या जातात, तेव्हा आपण कायद्याला हवी असलेली भेटींची यादी करत नसतो, मागणीचा लेखी पुरावा तयार करत असतो. (अर्धा तोळा म्हणजे किती, यावरही भांडणे होतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफ बाजारातला आजचा तोळा १० ग्रॅमचा.)

आता खिशाकडे पाहू. २००० साली दहा ग्रॅम सोने साडेचार हजारांच्या आसपास होते. २०२५ साली त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. एक लाखाचाच भाव धरला, तरी २२ कॅरेटच्या पाच ग्रॅम अंगठीत जवळपास ४६ हजारांचे सोने, त्यावर बारा टक्के घडणावळ, सगळ्यावर तीन टक्के जीएसटी, म्हणजे ५३ हजारांच्या घरात बिल जाते. नगरपालिकेत कंत्राटावर झाडू मारणारा बाप एवढी रक्कम कुठून आणणार? तो बायकोच्या गळ्यातली पोत गहाण ठेवतो. सोने गहाण टाकून सोने विकत घ्यायचे आणि व्याज वर्षानुवर्षे फेडायचे! याला हौस म्हणायचे की वेठ?

आम्ही सोन्याच्या विरोधात आहोत असा अर्थ कोणी काढू नये. सोने अंगावर घालण्याचा हक्कसुद्धा आपल्या माणसांना भांडून मिळवावा लागला आहे. 'जातिप्रथेचे उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई समाजाची हकीकत दिली आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलाईंवर जे नियम लादले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, हा एक नियम होता. १९३० साली तमिळ मुलुखातल्या रामनाड जिल्ह्यात कल्लरांनी आदि-द्रविडांवर असाच हुकूम बजावला. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की गळाभर सऱ्या आणि कोपरापर्यंत चांदी-कथलाचे गोट ही अस्पृश्यतेची खूण आहे. ती टाका, घालायचाच तर सोन्याचा दागिना घाला, नाहीतर घालू नका. तेव्हा सोन्याला नाक मुरडण्याचे आम्हाला काही कारण नाही. पण ज्या बापाच्या आजीला सोने घालण्याची बंदी होती, त्याच बापावर नातजावयाच्या नव्हे तर जावयाच्या बोटासाठी सोन्याची सक्ती व्हावी, आणि तीही आपल्याच माणसांकडून, हे आमच्या गळी उतरत नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका म्हणून सांगितले आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे असे बजावले. ज्या मुलीने नवऱ्याच्या बरोबरीने उभे राहायचे, तिने स्वतःच्या बोटातली अंगठी तरी स्वतः पाहून घ्यायला नको का? आज काय होते? सासू, नणंद आणि एक जाणत्या मावशी पेढीवर जातात, मुलीच्या बोटाचे माप दोऱ्याने नाहीतर अंदाजाने घेतात आणि स्टेजवर अंगठी पेरातच अडकते. सगळे हसतात. मुलगीही हसते.

आमच्याकडे आलेली एक परिचारिका होती. तिला सासरच्यांनी उंच बसवलेल्या खड्याची अंगठी केली होती. कामावर हातमोजा घालताना खडा अडकायचा, मोजा फाटायचा. म्हणून अंगठी कपाटात गेली. कपाटाची किल्ली सासूकडे. तीन वर्षांनी ती माहेरी परतली, तेव्हा सासरचे म्हणाले, अंगठी कधी केलीच नव्हती. साखरपुड्याचे फोटो निघाले. मग म्हणाले, ती एक ग्रॅमची, वर मुलामा दिलेली होती. बिल सासऱ्याच्या नावावर. ते त्यांनी अर्थातच दिले नाही. फोटोत अंगठी दिसते, वजन दिसत नाही. अंगठी पाहायला, मापायला आणि बिल घ्यायला ती स्वतः गेली असती, तर उलटतपासणीत तिला रडावे लागले नसते.

कायदा तिच्या बाजूने आहे, फक्त कागद तिच्या हातात नसतो. मुलीला साखरपुड्यात, लग्नात मिळालेला दागिना हे तिचे स्त्रीधन. १९८५ सालच्या प्रतिभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यावर नवऱ्याचा मालकी हक्क नाही आणि ते दाबून ठेवणे हा फौजदारी विश्वासघात आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधील एका प्रकरणात, पहिल्याच रात्री जपून ठेवण्याच्या नावाखाली नवऱ्याने दागिने घेऊन आपल्या आईकडे दिले होते. न्यायालयाने त्या स्त्रीला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. १९५६ च्या वारसा कायद्याचे कलम १४ बौद्ध स्त्रीलाही लागू आहे. (बौद्धांना हिंदूंच्या व्याख्येत कोंबणाऱ्या कायद्यांविषयी आमचे म्हणणे वेगळे आहे, ते पुन्हा कधीतरी.) १९८५ च्या नियमांप्रमाणे भेटींची यादी करायची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. साखरपुड्याची अंगठीही त्याच यादीत चढवून टाकावी. बौद्धाचार्यांनी मंगल परिणयाच्या नोंदवहीबरोबर हा एक कागद ठेवला तर त्यांचे फार उपकार होतील.

पेढीवर गेल्यावर काय पाहावे, हेही सांगतो, कारण आपले लोक काउंटरसमोर उगाच बावचळतात. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसची खूण, शुद्धता आणि तो क्रमांक, अशा तीन गोष्टी भिंगातून दाखवायला सांगा. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. तिथे 'कानातले' आले आणि हातात अंगठी असली, तर उठून चालू लागा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाला मात्र ही सक्ती नाही. मुलींच्या नाजूक अंगठ्या नेमक्या याच सवलतीतून निसटतात, म्हणून हलक्या अंगठीचे बिल अधिक बारकाईने घ्या. लिहिल्यापेक्षा सोने कमी शुद्ध निघाले, तर २०१८ च्या बीआयएस नियमांप्रमाणे फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, खड्याचे वजन, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. खडा सोन्याच्या भावात मोजून घेऊ नका. १८ कॅरेटच्या अंगठीला २२ कॅरेटचा भाव लावला नाही ना, हेही पाहा. रोज वापरायची, खड्याची अंगठी असेल तर १८ कॅरेट बरी, कारण २२ कॅरेटचे सोने मऊ, खडा धरून ठेवणारे काटे लवकर झिजतात. कारखान्यात, दवाखान्यात, प्रयोगशाळेत हाताने काम करणाऱ्यांनी साधे वळेच घ्यावे. माप संध्याकाळी द्यावे. दिवसभराच्या कामाने बोटे थोडी सुजतात.

हिऱ्याचे खूळही आता वस्तीपर्यंत आले आहे. हिरा म्हणजे कायमचे प्रेम, ही कल्पना पुराणातली नाही. डी बिअर्स या हिरे कंपनीसाठी अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांनी १९४७ साली तयार केलेल्या घोषवाक्यातली आहे. हिरा विकायला गेलात की घेतलेल्या किमतीचा मोठा भाग तिथेच सोडावा लागतो. सोने मोडताना निदान घडणावळच जाते. प्रयोगशाळेत बनलेला हिराही हिराच असतो, फार स्वस्त मिळतो. हौस असेल तर तो घ्या, पण ठेव म्हणून घेऊ नका. आणि काउंटरवरचा माणूस "मुलीची रास कोणती?" असे विचारून पुष्कराज पुढे करू लागला, तर त्याला नम्रपणे सांगा की आमच्यात कर्तृत्व बघतात, कुंडली नाही.

गेल्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने दोन साधी वळी घेतली. दोन्ही तीन-तीन ग्रॅमची, दोन्ही ९१६, पैसे ज्याने-त्याने आपल्या पगारातून भरले. दोन बिले, दोन नावांवर. मुलाच्या काकांनी मंडपात अंगठी बोटाने फिरवून पाहिली आणि म्हणाले, "एवढी बारीक?" मुलगी म्हणाली, "काका, माझीही तेवढीच आहे. ठेवा काट्यावर."